घोडीच्या पाठीवरच्या दांड्या

मी आयुष्यात पहिल्यांदा घोड्याच्या अंगाला हात लावला, तेव्हा मी डिझाइन केलेल्या दांड्या त्या घोडीच्या पाठीवर चढून दोन महिने होऊन गेले होते. हे वाक्य मी आज शांतपणे लिहू शकते. त्या दिवशी मात्र मी भररस्त्यात ओरडले होते, तेही भलत्याच माणसावर.

मी गुरुग्राममध्ये मोटारींच्या सीटांवर काम करते. अख्ख्या सीटवर नव्हे, सीट खालच्या पत्र्याला जिथे जोडलेली असते तेवढ्याच भागावर. सीट जागची हलता कामा नये आणि खडखडता कामा नये, एवढंच बघायला मला पगार मिळतो. पंचवीस वर्षं मी खडखडाटाच्या मागे हात धुऊन लागले आहे. घरात कपाटाचं दार वाजलं तरी पाना घेऊन उठते. नवरा केंद्र सरकारात, त्यामुळे आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहतो, आणि कॉलनीत कोणाचं काहीही मोडलं की "वहिनी, तुम्ही इंजिनिअर ना, जरा बघा की" हे ठरलेलं. मला ते आवडतं, उगीच कशाला नाकारू.

कॉलनीतली आम्ही पंधरावीस मराठी कुटुंबं मिळून गणपती बसवतो. विसर्जनाची मिरवणूक ट्रकमधून नाही, बग्गीतून काढतो. दिल्लीत बग्गी असते नवरदेवासाठी. त्याच लाल मखमलीवर आम्ही आमचा बाप्पा बसवतो, आणि रस्त्यातले लोक दरवर्षी विचारतात, "किसकी शादी है?" बग्गीवाला पहाडगंजचा, साठी उलटलेला. सगळे त्याला चाचा म्हणतात. दोन चाकांची एक जुनी बग्गी आणि एक पांढरी घोडी, एवढ्यावर त्याचं घर चालतं.

मागच्या वर्षी मिरवणूक संपता संपता बग्गीची एक दांडी तडकली. दांड्या म्हणजे गाडीपासून पुढे निघालेले ते दोन लांब दांडे, ज्यांच्या मधे घोडी उभी राहते. जुन्या लाकडाच्या होत्या. चाचा त्यांना दोरी गुंडाळत बसला होता, ते पाहून माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. म्हटलं, "चाचा, यह छोड़िए. मैं ऐसे डंडे बनवा दूँगी कि ज़िंदगी भर नहीं टूटेंगे."

चाचा म्हणाला, "लकड़ी थोड़ी दबती है, मैडम जी. जानवर को अच्छा लगता है."

मी हसले. कामाच्या जागी असली वाक्यं मी रोज ऐकते आणि रोज खोडून काढते.

मग माझा शब्द कित्येक महिने तसाच पडून राहिला. दोरीनेही भागेना तेव्हा चाचाने फोन केला, आणि मी ओशाळून कामाला लागले. घोडीचं माप मागितलं. त्याने व्हॉइस मेसेज पाठवला, ज़मीन से पीठ तक साढ़े छह बित्ते. मी म्हटलं, टेपने मोजा. त्याने पुन्हा मोजून पाठवलं, साढ़े छह बित्ते. शेवटी मी त्याच्या हाताचा फोटो मागवला, वर्तमानपत्रावर पंजा फाकून ठेवलेला, आणि त्यावरून वीत किती सेंटिमीटरची ते काढलं. या हुशारीचं मला इतकं कौतुक वाटलं की मी ते ऑफिसात चार जणांना सांगितलं. गुरुग्रामहून नवी दिल्ली स्टेशनपर्यंत मेट्रोची सरळ गाडी जाते, कुठे बदलावीसुद्धा लागत नाही, आणि स्टेशनच्या पलीकडे पहाडगंज. एका दुपारी जाऊन घोडी बघून यावी, हे मात्र मला एकदाही सुचलं नाही.

दांड्या मी पोलादी नळीच्या केल्या. पुढे हलकासा बाक, टोकं गोल. कॉम्प्युटरवर त्या ओढून पाहिल्या, वळवून पाहिल्या, खड्ड्यात आपटून पाहिल्या. दांडी जिथे घोडीच्या पाठीवरच्या पट्ट्यात अडकते तिथे मी आधार दाखवला. आमच्या प्रोग्राममध्ये आधार म्हणजे एक छोटासा हिरवा त्रिकोण. तो द्यायचा आणि पुढे जायचं. दांडी कुठेच मोडत नव्हती, मी खूश होते.

आणि मग ती सीट. चाचाच्या बग्गीतली सीट दोन लाकडी पट्ट्यांवर पुढेमागे सरकत असे, खुंट्यांवर अडकवलेली. माणसं बसली की चाचा खाली उतरायचा, एका दांडीखाली तळवा धरायचा, मग खुंटी काढून सीट जरा मागे, जरा पुढे, असं दोनतीनदा करायचा आणि मगच निघायचा. हे मी दरवर्षी पाहत होते. मला वाटायचं, सीट ढिली आहे, म्हातारा बसवून घेतोय. चालताना ती खुळखुळ्यासारखी वाजायची आणि माझं डोकं उठायचं. मी त्या खुंट्याच काढून टाकल्या. दांड्या मागे सीटखालपर्यंत एकसंध नेल्या आणि सीट त्यांच्यावर बोल्टने आवळली. बसलेली माणसं मागे कलंडू नयेत म्हणून ती मुद्दाम चार बोटं पुढे घेतली. ओळखीच्या वर्कशॉपमधून सगळं करून घेतलं, रंग लावून पहाडगंजला पाठवलं आणि चाचाला म्हटलं, ही माझ्याकडून भेट.

चाचाचा फोन आला, "बहुत सुंदर बनी है, मैडम जी." आठवड्याने पुन्हा आला. म्हणाला, घोडी आता उभी राहत नाही, सारखे पाय बदलते. मी मीटिंगमध्ये होते. "नई चीज़ है, आदत पड़ जाएगी," म्हणून फोन ठेवला. त्यानंतर एकदा त्याने अगदी संकोचून विचारलं, सीट थोडी पीछे हो सकती है क्या? त्यावर मी त्याला प्रवाशांच्या सुरक्षेवर तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. त्याचं उत्तर आलं, "जी, अच्छा."

यंदाच्या विसर्जनाला बग्गी कॉलनीच्या गेटातून आत आली तेव्हा मी हवेत होते. जरासुद्धा खडखडाट नाही. सगळ्यांनी दांड्यांचं कौतुक केलं. बाप्पाला सीटवर ठेवलं, मूर्ती धरायला यंदाचे यजमान बसले, त्यांच्या आई बसल्या, पुढच्या पायरीवर दोन पोरं चढली. भादव्यातली दुपार, घामाच्या धारा, पुढे लेझीम. मिरवणूक म्हणजे चालणं कमी आणि थांबणं जास्त. प्रत्येक वळणावर दहा-पंधरा मिनिटं लेझीम, आणि तेवढा वेळ घोडी नुसती उभी.

माझी मुलगी दिल्लीतच वाढलेली. मोबाइलवर शूटिंग करता करता ती म्हणाली, "आई, तो घोडा सारखे पाय का उचलतोय यार? त्या पाइपमुळे का?"

"पाइप नाही, दांडी म्हणतात. आणि घोडी आहे ती," मी फटकारलं. प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही.

तिसऱ्या वळणावर घोडीचे पुढचे गुडघे वाकले. ती पडली नाही, हळूच खाली बसू लागली, उभ्याने फार वेळ काम केलेली बाई ओट्याशी बसते तशी. बग्गी पुढे झुकली, किंकाळ्या उठल्या, लेझीम थांबली. आम्ही सगळे मूर्तीकडे धावलो. मीसुद्धा. चाचा एकटा घोडीकडे धावला.

मूर्ती यजमानांनी घट्ट धरून ठेवली होती, काही झालं नव्हतं. चाचाने दोन माणसांना दांड्या उचलून धरायला लावल्या, पट्टे सोडले आणि घोडीला बाहेर काढलं. ती उभी राहिली, पण चारी पाय थरथरत होते. मग तो माझ्याकडे वळला. आवाज जराही चढलेला नव्हता. "मैडम जी, एक तरफ़ से ज़रा आप पकड़िए."

दांड्या धरलेल्या दोघांतल्या एकाच्या जागी जाऊन मी दांडी हातात घेतली. गाडीत यजमान, त्यांच्या आई, मूर्ती, सगळं तसंच होतं. माझे खांदे खाली ओढले गेले. मला वाटलं होतं दांडी म्हणजे नुसती ओढायची वस्तू, वजन सगळं चाकांवर. मी मनात आकडे मोजू लागले आणि साठापर्यंत पोहोचायच्या आत दांडी हातातून निसटायला लागली. कोणीतरी धावत येऊन धरली म्हणून बरं. ही एक बाजू होती. तिच्या पाठीवर दोन्ही होत्या.

दांडी मोडणार नाही, हे मी किती पद्धतींनी सिद्ध केलं होतं. त्या हिरव्या त्रिकोणावर किती भार येतो, हा आकडा त्याच पडद्यावर एका क्लिकवर होता आणि मी तो उघडून पाहिला नव्हता. चाचा दांडीखाली तळवा धरून काय बघत होता, तेही मला तिथे रस्त्यात उभं असताना कळलं. दोन चाकांची गाडी म्हणजे तराजू, वजन पुढे आलं की दांड्या खाली दाबणार. माणसं बसल्यावर दांडी हातात हलकी होईपर्यंत तो सीट सरकवायचा, म्हणजे घोडीच्या पाठीवर काहीच राहू नये. मी ज्याला ढिलाई म्हणून आवळून टाकलं होतं, तेवढ्यावरच त्या जनावराचं सगळं चाललं होतं.

चाचाने पाठीवरची गादी काढली. आत ओढणीची घडी घातलेली होती, त्याच्या घरातलीच कोणाची तरी, आणि ती चिकटून बसली होती. त्याने ती पाण्याने भिजवून सोडवली. कण्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढे दोन लाल, ओले चट्टे. एकही केस नाही. मी नकळत हात पुढे केला आणि चट्ट्याच्या शेजारी ठेवला. कातडी तव्यासारखी तापलेली होती.

मी घाबरले की मला राग येतो, हा माझा जुना स्वभाव आहे. मी चाचावर ओरडले, "आपने बताया क्यों नहीं?"

"बताया था, मैडम जी. दो बार."

आजूबाजूला सगळी कॉलनी उभी होती, पण लाज त्यांची वाटली नाही. या माणसाने तक्रार केली होती, आणि मी ती कौतुकाच्या नादात ऐकलीच नव्हती. शिवाय भेट मिळालेल्या वस्तूबद्दल माणूस याहून जास्त मोठ्याने बोलणार तरी कसा.

बाप्पा शेवटी शेजाऱ्यांच्या मोटारीतून कृत्रिम तलावापर्यंत गेला, सीटबेल्ट लावून. ती सीट अजिबात वाजली नाही. मी मागे बसले होते आणि मला रडू आवरत नव्हतं. नवरा म्हणाला, "अगं, बरी होईल ती." त्याला तरी काय ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून पहाडगंजला गेले. जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं की जखम भरेल, पण पाठीवर इतक्यात काही टेकवायचं नाही. लग्नसराई तोंडावर होती. तोवर घोडी कामाला उभी राहिली नाही तर चाचाचं वर्ष गेलं, आणि दुसरी घोडी आणणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. एवढं सगळं माझ्या एका हौसेने झालं होतं. पोलादी दांड्या मी स्वतः उभी राहून कापायला लावल्या. मग एका म्हाताऱ्या सुताराकडून लाकडी करून घेतल्या, कागदावर एक रेघही न ओढता. चाचा सांगेल ते सुतार करत होता आणि मी टेप धरून गप्प उभी होते. सीट पुन्हा पट्ट्यांवर आली, खुंट्या आल्या, खुळखुळाट आला. दर रविवारी मी जायचे. चट्टे सुकले, खपली धरली, खपली पडली, वर आधी काळी कातडी आणि मग बारीक पांढरे केस आले. दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाला, आता गाडीला जोडा.

त्या सकाळी मी आणि चाचाची बायको बग्गीत वजन म्हणून बसलो. चाचाने सीट सरकवली, एक खुंटी, दोन खुंट्या, दांडीखाली तळवा धरून बघितलं. मला खाली बोलावलं, माझ्या जागी शेजारच्या दुकानदाराला बसवलं आणि दांडी माझ्या हातात दिली. ती दोन बोटांवर राहिली. मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने हसले.

मग त्याने घोडी आणली. मला वाटलं होतं ती अडेल, मागे हटेल, लाथ मारेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. चाचाने जीभ टाळूला लावून एक आवाज काढला आणि ती आपणहून पाठमोरी चालत दोन दांड्यांच्या मधे येऊन उभी राहिली. चाचाने गादी घातली, पट्टा आवळला, दांड्या उचलल्या. त्या अजून तिच्या अंगापासून वीतभर दूर होत्या आणि तिने पुढचे पाय फाकवले, मान खाली घातली, ओझं घ्यायला पाठ खाली दाबून घेतली.

चाचाने दांड्या पट्ट्यात अडकवल्या. त्या अलगद तरंगत होत्या, पाठीवर काहीच भार नव्हता. आम्ही वाट बघत उभे राहिलो. घोडीने पाठ वर घेतली नाही.