हामहुंगवालीचा आवाज

प्यो इन-सोप लिहायला बसायचा तो दाराकडे पाठ करून. सोल स्टेशनामागच्या मिन मॅडमच्या कॉफीघरात शेगडीशेजारचं टेबल त्याचं. खिडकीपाशी उजेड चांगला होता, पण तिथून दार दिसायचं, आणि दार उघडलं की त्याची मान आपोआप वर व्हायची. लढाई संपून वीसेक वर्षं झाली तरी ही खोड जाईना, तेव्हा त्याने सरळ भिंतीकडे तोंड केलं.

सकाळी अंड्याचा बलक घातलेली कॉफी यायची आणि त्या एका कपावर हा गृहस्थ दुपार गाठायचा.

"लेखकसाहेब, कपाला मुळं फुटली असतील आता. उपटून नेऊ का?" मिन मॅडम विचारायची.

"राहू द्या हो. फूल धरेल एखादं."

"इतक्या वर्षांत पान नाही आलं, म्हणे फूल!"

मग तो ब्लेडने पेन्सिली तासायचा आणि कामाला लागायचा. रेडिओवर रोज संध्याकाळी त्याची मालिका लागे. त्यातले पुरुष तो उरकून टाकायचा. पुरुष काय बोलणार, जेवण आणि राजकारण. हामहुंगवालीची पाळी आली की मात्र तो पेन्सिल खाली ठेवून डोळे मिटायचा. ही बाई गल्लोगल्ली टोफू विकायची, उत्तरेकडच्या रांगड्या बोलीत नवऱ्याची खरडपट्टी काढायची, आणि अर्धा देश तिच्यासाठी जेवण खोळंबून ठेवायचा. लोक म्हणत, प्यो मास्तरला हे सुचतं कसं? त्याला काही सुचत नसे. डोळे मिटले की त्याची बायको सुन-सिल बोलायला लागायची आणि तो नुसतं उतरवून घ्यायचा. निदान त्याची समजूत तशी होती.

सुन-सिल उत्तर कोरियात राहिली होती. लढाईतल्या त्या हिवाळ्यात हामहुंग शहर सोडून सगळे बंदराच्या धक्क्यावर जमले. इन-सोप गर्दीबरोबर बोटीवर ढकलला गेला आणि ती त्याच्या म्हाताऱ्या आईला आणायला मागे वळली. मग सीमा बंद झाली. तिकडे पत्र जात नाही, तिकडून येत नाही. तिचा फोटोही त्याच्यापाशी नव्हता. आवाज तेवढा होता, आणि त्या आवाजावर त्याने जन्म काढला होता. दुसरं लग्न कर म्हणून सांगणारे थकले, काही मेलेही.

वसंतातल्या एका सकाळी त्याने नेहमीसारखे डोळे मिटले. बाई बोलायला लागली. पण वाक्याआधी ती बारीक हसली, आणि इन-सोपने दचकून डोळे उघडले. तसं हसायची हान सोन-जू, रेडिओवर हामहुंगवालीचं काम करणारी नटी, अस्सल सोलची. झोप नीट झाली नसेल म्हणून त्याने कॉफी ढोसली आणि पुन्हा डोळे मिटले. पुन्हा हान सोन-जूच. खरखरीत, गोड आवाज, देशभर ओळखीचा. सुन-सिल कुठेच नव्हती.

इतकी वर्षं आपणच तिचे शब्द दुसऱ्या बाईच्या तोंडी घातले, आणि त्या बाईने सुन-सिलला आपल्या डोक्यातून हाकलून लावलं, असं त्याला वाटलं. आता तीही गेली तर राहिलं काय?

त्याने जागा बदलून पाहिल्या. नदीकाठच्या बाकावर बसला, हमामखान्यातल्या उबदार जमिनीवर पालथा पडून लिहून पाहिलं, स्टेशनच्या प्रतीक्षालयात बोचक्यांवर बसलेल्या बायकांशेजारी कान देऊन बसला. जिथे जावं तिथे हान सोन-जू आधीच हजर. इकडे मालिकेचे निर्माते बांग साहेब कॉफीघरात फोनवर फोन करत होते. "पानं पाठवताय की मी येऊन भविष्य सांगू श्रोत्यांना?" ते ओरडायचे.

शेवटी तो बसमध्ये बसून सोकचोला गेला. तिथे समुद्रालगत वाळूत उत्तरेतून आलेल्यांची वस्ती आहे. लवकरच घरी परतायचंय म्हणून त्यांनी तात्पुरत्या खोपट्या बांधल्या होत्या, आणि त्या खोपट्यांत आता नातवंडं चालायला लागली होती. कांग आजी तिथे नूडल्सचं दुकान चालवायची. तिचं पहिलं वाक्य ऐकूनच इन-सोपच्या अंगावर काटा आला, हीच बोली. गर्दी ओसरल्यावर त्याने कागद काढले.

"आजी, मी वाचतो. माझ्यामागनं तुम्ही फक्त म्हणायचं."

"मंत्र हाय का काय? बरं, म्हन."

त्याने वाचलं. आजीने कमरेवर हात ठेवून झणझणीत म्हटलं, "आवो मालक, तुमची अक्कल काय टोफूच्या पान्यासंगं व्हावून गेली?" आणि ती खदखदून हसली. इन-सोप डोळे मिटून वाट पाहत होता. आवाज आला तो कांग आजीचा.

"फर्मास हाय बाई! कुनाची रं ही?"

"आमच्या घरातली. सुन-सिल."

"सासू व्हती घरात?"

"होती. मधे कागदाचं दार फक्त."

"आन् लगीन होऊन किती दिस झालं व्हतं?"

"एक हिवाळा सरला होता. दुसरा लागला आणि..."

आजी हसायची थांबली. तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. "मग येवढं बोलली कवा रं ती?"

इन-सोप आठवायला लागला. नवी सून खाली मान घालून जेवणाचा पाट ठेवायची आणि पाठमोरी निघून जायची. रात्री कागदाच्या दारापलीकडे आई खोकायची, की अलीकडे दोघं श्वाससुद्धा जपून घ्यायची. नवऱ्याला टोचून बोलणं लांबच, त्याला हाकसुद्धा तिने कधी मारली नव्हती. पहाटे अंथरुणात पडल्यापडल्या ती तांदूळ धुताना ऐकू यायची, तेवढीच. आणि धक्क्यावर ती एकदाच बोलली होती, "तुमी व्हा म्होरं, मी आत्यांना घिऊन येते." त्या गलक्यात तो आवाज कसा होता, हे तेव्हाही त्याला नीट कळलं नव्हतं.

तो लहान पोरासारखा रडला. कांग आजीने रडू दिलं, मग नूडल्सचा वाडगा त्याच्यापुढे सरकवला.

"आवाज हरवला म्हनून आलास व्हय इतक्या लांब?" ती म्हणाली. "व्हताच कुठं लेकरा? तुझी हौस बोलत व्हती ती. खा, निवल."

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत पानं हातात पडल्यावर बांग साहेबांचा पारा चढला. "हामहुंगवाली गप्प? रेडिओवर गप्प बाई? लोक रेडिओला थपडा मारतील, मास्तर!"

"मारू देत."

"मास्तर, माझं वाक्य कुठंय?" हान सोन-जूने पान उलटसुलट करून विचारलं.

"आज नाही."

"मग मी करू काय?"

"तांदूळ धुवा," इन-सोप म्हणाला. "घाई नको. घरातलं कुणी उठू नये असे धुवा."

तिने अंगठ्या काढून ठेवल्या आणि भगुण्यात हात घातला.

संध्याकाळी कॉफीघरात मालिका लागली. तांदूळ पाण्यात घोळवल्याचा आवाज येत राहिला, बाकी काही नाही. एक गिऱ्हाईक रेडिओला चापट मारायला उठलं, त्याला मिन मॅडमने डोळ्यांनीच बसवलं. पाणी ओतलं गेलं, नवं घेतलं गेलं. मग नवऱ्याचा झोपेतला, दबका आवाज आला, "बोल की गं काहीतरी."

तांदळातला हात थांबला. भाग तिथेच संपला आणि वाजंत्री सुरू झाली, तरी कुणी कप उचलेना. इन-सोप रेडिओकडे असा पाहत होता, की जणू मालिका दुसऱ्याच कुणी लिहिली आहे.

मिन मॅडम त्याच्या टेबलाशी आली. आज तिला थट्टा सुचली नाही.

"मग? काय म्हणाली ती?"

"तेच तर माहीत नाही मॅडम," तो म्हणाला. "मी कधी विचारलंच नव्हतं."