जाऊबाईंचा आवाज, माझं पेज

आमच्या थोरल्या जाऊबाई, अनिताताई, दहावी नापास आहेत, हे मी आधीच सांगून टाकते. पुढं त्यांचं कौतुकच कौतुक येणार आहे. निदान सुरुवात तरी माझ्या मनासारखी होऊ दे.

वरवंडच्या हायवेवरून आत चार किलोमीटरवर आमचं गुऱ्हाळ आहे. सासरे, म्हणजे भिमाजी आबा, अजून रोज खुर्ची टाकून रस उकळायच्या काहिलीसमोर बसतात. थोरले दीर दत्ताभाऊ भट्टी सांभाळतात, माझे मिस्टर सत्यजीत ऊस आणतात, आणि अनिताताई घरच्यांचा नि सहा कामगारांचा स्वयंपाक करतात. बावीस वर्षं करतात. मी नीलम, धाकटी सून. माहेर दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधलं, शिक्षण बी.कॉम., वर हडपसरला तीन महिन्यांचा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स. गूळ मोबाईलवरून विकायचा ही कल्पना या घरात माझी. पेज माझं, त्याला नाव मी दिलं, कुरियरवाल्याशी भांडते ती मी. हे नीट लक्षात ठेवा, कारण घरात कुणाच्या लक्षात नाही.

सुरुवातीला व्हिडिओत मी स्वतः बोलायचे. केस मोकळे सोडून, काहिलीच्या वाफेत उभी राहून, 'रसायनविरहित गुळाचे सात फायदे'. वाफेनं काजळ उतरायचं, मग पुन्हा लावायचं, पुन्हा पहिल्या फायद्यापासून सुरू. एका व्हिडिओला अख्खी सकाळ जायची. बघणारे किती, तर एकशे ऐंशी. त्यातले साठ माझ्या माहेरचे, आईनं दमदाटी करून बघायला लावलेले.

मग एक दिवस ताई फोन घेऊन माझ्या खोलीत आल्या. "नीलम, ह्यो फोन गच्च झालाय म्हणतोय. बघ जरा काय दुखतंय त्याला."

गुड मॉर्निंगचे गुलाब पुसता पुसता मला त्यांचे व्हॉइस मेसेज सापडले. सगळे एकीलाच पाठवलेले, मोनालीला. मोनाली त्यांची लेक, आदल्याच वर्षी शिरूरला दिलेली. जावई रांजणगावच्या कंपनीत. ताईंना टाईप करायला जमत नाही. त्या माईकचं बटण दाबून धरतात आणि लेक पलीकडच्या खोलीत असल्यासारखं बोलत सुटतात. त्रेचाळीस मेसेज होते. मी पहिला लावला.

"मोना, रडू नको. गुळाचा च्या उकळता ठिवला की दूध नासतंच. च्या खाली उतरव, मग गूळ टाक. आन् नासला तर नासला. माझा पहिला च्याबी नासला व्हता. तुझ्या आजीनं त्यो गपगुमान मांजरापुढं ठिवला आन् माझ्या हातात दुसरं पातेलं दिलं. पहिला च्या सगळ्यांचाच नासतो बाई."

कोर्समधले आमचे सर सारखं सांगायचे, नवीन काही बनवायच्या आधी घरात काय पडलंय ते बघा. एकाच गोष्टीच्या दहा गोष्टी होतात. मी तशीच उठून स्वयंपाकघरात गेले आणि ताईंना विचारलं, तुमचं हे बोलणं पेजवर घेऊ का? भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "त्या बडबडीचं काय करणार तू? घे की." म्हणजे मी विचारलं होतं. चोरी केलेली नाही.

चहाच्या मेसेजमधले पहिले तीस सेकंद घेतले आणि त्याखाली काहिलीत उकळणारा रस दाखवला. सुरुवातीचं 'मोना' कापून टाकलं, कारण दुसऱ्या कुणाचं नाव ऐकू आलं की बघणारी बाई पुढं सरकते. तीन दिवसांत तीन लाख लोकांनी ते पाहिलं.

मग काय विचारता. 'पहिला चहा सगळ्यांचाच नासतो' हे कार्डावर छापून प्रत्येक ढेपेबरोबर गेलं, स्टेटसला गेलं, यवतच्या आमच्या स्टॉलवरच्या स्पीकरवर दिवसभर वाजलं. गूळ चिरायच्या आधी विळी गरम पाण्यात बुडव, याचा एक रील. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटू नये म्हणून काय करायचं, याचे दोन. त्रेचाळीस मेसेजमधून जिथं जिथं गूळ होता तिथले अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे मी काढले आणि वर्षभर पुरवले. नाशिकहून, नागपूरहून मागणी यायला लागली.

आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

खाली लोक लिहायचे, 'आई, तुमचा आवाज ऐकला की शांत झोप लागते.' माझी झोप उडाली होती त्याचं काय? कापणारी मी, जोडणारी मी, अक्षरं टाकणारी मी, आणि ओवाळणी कुणाला, तर ज्यांना स्वतःच्या फोनचा पासवर्ड आठवत नाही त्यांना. बरं, त्यांना त्याचं काही आहे का? मी आकडा सांगायला गेले तर म्हणायच्या, "तीन लाख म्हंजी आपल्या तालुक्याएवढी झाली का गं?" आणि लसूण सोलायला बसायच्या. त्यांनी थोडी तरी मिजास करायला हवी होती. मला राग धरायला सोपं गेलं असतं.

शेवटी न राहवून मी तेच सगळं माझ्या आवाजात केलं. तोच चहा, तेच मांजर, तेच पातेलं. फक्त 'व्हता'च्या जागी 'होता'. दोनशे बारा लोकांनी पाहिलं. खाली एकानं लिहिलं, 'मूळच्या ताई कुठं गेल्या? त्यांना परत आणा.' मी सत्यजीतला दाखवलं. नवऱ्यानं बायकोची बाजू घ्यावी की नाही? तो म्हणाला, "पीठ त्येच हाय, पण हात बदलला ना."

त्यानंतर गिऱ्हाइकाचा फोन आला आणि 'ताईंना द्या' म्हणाले की मी सरळ म्हणायचे, "बोला की, मीच बोलतीया. आवाज बसलाय जरा." खोटं वाटेल, पण चार-पाच जणी फसल्या. त्या दिवशी मला चांगली झोप लागायची.

एवढ्यात आबांनी डब्याचं काढलं. संक्रांतीला गूळ नव्या डब्यात द्यायचा आणि डब्यावर घरातल्या माणसाचा फोटो छापायचा. "पर एकच फोटू," आबा म्हणाले. "लई तोंडं छापली की गिऱ्हाईक इचारतंय, गूळ नक्की कुणाचा? कुणाचा टाकायचा त्ये नीलमनं सांगावं. तिलाच कळतंय त्यातलं."

मला तो डबा हवा होता. आवाज त्यांचा असेल, पण तोंड माझं दिसू दे, एवढंच माझं म्हणणं होतं. मी दौंडला जाऊन फोटोसुद्धा काढून आले होते, निळ्या इरकल साडीत, हातात तीन किलोची ढेप. हात भरून आला, पण हसू सोडलं नाही. तरी 'माझाच टाका' असं आपल्या तोंडानं आबांना कसं सांगायचं? काहीतरी निमित्त हवं होतं.

ते चालून आलं. शिरूरला महिलांच्या उद्योगांचं प्रदर्शन होतं आणि त्यांनी पेजवर निरोप पाठवला, तुमच्या त्या आवाजवाल्या ताईंना घेऊन या, लोकांना भेटायचंय. तो निरोप मी ताईंपर्यंत पोचू दिला नाही. तिथं लोकांनी मलाच ताई मानलं की डब्यावरही माझंच तोंड आपोआप येणार, म्हणून मीच गेले. टेम्पोतून शंभर ढेपा नेल्या, बोर्ड लावला आणि त्याखाली डोक्यावर पदर घेऊन बसले.

बायका आल्या. "तुम्हीच का त्या? मग म्हणा की ते चहाचं." मी म्हटलं. अगदी ताईंसारखं, 'गपगुमान'वर जोर देऊन. एक-दोघींनी मोबाईल धरले. एक म्हातारी म्हणाली, "समोरनं येगळाच लागतोय आवाज," पण बाकीच्या हसल्या, मलाही रंग चढला, आणि मी मांजरापर्यंत आले.

"मांजर कंच्या रंगाचं व्हतं?" मागून कुणीतरी विचारलं.

"पांढरं," मी ठोकून दिलं.

"काळं व्हतं."

गर्दीच्या मागं मोनाली उभी होती. हातात भाजीची पिशवी. बायका पांगेपर्यंत ती थांबली, मग स्टॉलच्या आत येऊन माझ्याशेजारच्या खोक्यावर बसली.

"आयत्या बिळावर नागोबा ऐकलं व्हतं काकू, आज बघितला," ती म्हणाली.

"तुझ्या आईला विचारून घेतलंय मी सगळं."

"आईला इचारलंस. मला कुठं इचारलंस? ती माझ्याशी बोलत व्हती." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "सासूनं आवाज वळखला. अख्ख्या गल्लीला कळलं का माझा च्या नासला व्हता. त्येचं न्हाई मला काही. पर त्यो मेसेज मी रडू आलं की लावायची. आता कुणाच्याबी फोनमधनं वाजतोय. लोक तिला आई म्हणत्यात, खाली लिवत्यात, 'मलाबी सांगा'. आन् तू माझंच नाव कापलंस."

 मी म्हणाले, "अगं, नाव ठेवलं असतं तर एवढं चाललं नसतं."

ती उठली. पिशवी उचलताना म्हणाली, "च्याचा त्यो मेसेज चार मिनिटांचा हाय. तू अर्ध्या मिनिटाला कापलास. पुढं ऐकलास का कवा?"

नव्हता ऐकला. पुढं गूळच नव्हता, तर ऐकून करायचं काय?

परतताना न्हावऱ्याच्या पुढं, टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून मी कानात हेडफोन घालून माझ्या फोनवर घेतलेला तो मेसेज अख्खा लावला. चहा झाला, मांजर झालं, पातेलं झालं.  नंतर मागं कुकरची शिट्टी ऐकू आली. मग त्या हळू आवाजात बोलायला लागल्या.

"तुला एक सांगती, कुणाला बोलू नको. मला नीलमचा लई हेवा वाटतो गं. सकाळी आवरती, स्कुटीला किल्ली मारती आन् जाती दौंडला. कुठं चालली, कवा येणार, कुणी इचारत न्हाई तिला. मला बावीस वर्सं झाली हितं, मी वरवंडच्या स्टँडवर एकटी उभी न्हाई ऱ्हायली कवा. तिची गाडी गेटातनं भाईर पडली की मी भांडी जरा जोरात आपटती. मग माझं मलाच वंगाळ वाटतं. ती तरी काय करील? पर जीव जळतो मोना. खरं सांगती, जळतो."

मला वाईट वाटायला हवं होतं. ते नंतर वाटलं. आधी वाटलं ते सुख. इतकं सुख मला तीन लाखांच्या आकड्यानं दिलं नव्हतं. चौफुल्यापर्यंत मी तो मेसेज पाच वेळा ऐकला, आणि ड्रायव्हरनं विचारलं, "वहिनी, गाणं लागलंय काय?"

घरी पोचले तेव्हा आबा अंगणात बसले होते. "मग? डब्यावर कुणाचा फोटू?"

"ताईंचा," मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. सत्यजीतला तर आपल्या बायकोचं मन एवढं मोठं असेल असं वाटलंच नव्हतं. मन कसलं मोठं? आपला कुणी हेवा करतंय हे कळलं की द्यायला हात सैल होतो, एवढंच. चहाचा रीलही मी पेजवरून उतरवला नाही. मोनालीला फोन केला, पुढच्या रीलमध्ये तुझं नाव ठेवते म्हणाले. ती "बघू" म्हणाली आणि फोन ठेवला.

सोमवारी ताईंना स्कुटीवर मागं बसवून दौंडला फोटोला नेलं. स्टुडिओत त्या कडक उभ्या राहिल्या, डोळे मोठे, ओठ घट्ट. फोटोवाल्यानं हसा म्हटलं की आणखी कडक. तरी मेला फोटो सुरेख आला. आमच्या घराण्याचं नशीबच त्यांच्या बाजूचं.

येताना पाटस मागं पडलं तसा त्यांनी माझ्या कमरेचा हात सैल केला. इकडं तिकडं बघायला लागल्या. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "नीलम, मला शिकिवशील का गं ही चालवायला?"

"शिकवते की," मी म्हणाले.

संक्रांत होऊन गेली. डबे संपले, दुसऱ्यांदा छापायला टाकले. ताईंनी मला मध्ये दोनदा विचारलं. एकदा मी पेट्रोल नाही म्हणाले, एकदा म्हणाले ब्रेक नीट लागत नाही. या घरात त्यांनी हेवा करावा असं माझ्याजवळ एकच काय ते आहे, आणि ते शिकायला आठ दिवस पुरतात.