यॉर्कशायरमधला राब

विमानतळावर न्यायला मुरबाडहून जीप सांगितली होती. ती सकाळीच दारात येऊन उभी राहिली, आणि माझी धाकटी जाऊ सुमन सामान चढवायचं सोडून माझ्या पिशवीतून एकेक वस्तू बाहेर काढत बसली. "एवढे तांदूल कशाला? पोरगा काय उपाशी ठेवनार हाय का?" असं म्हणून तिने तांदूळ काढले आणि त्या जागी मेथीच्या आणि मुळ्याच्या बियांची पुरचुंडी कोंबली. जीप सुरू झाली तरी खिडकी सोडेना. शेवटी म्हणाली, "ताय, राबाच्या टायमाला या हां. राब तुमीच पेटवाचा. तवर आमी थांबतो."

गावात राहिलेल्यांना राब सांगायला नको. पण माझ्यासारखे जे लांब गेले, त्यांच्या नातवंडांसाठी सांगते. भाताची रोपं जिथे करायची, त्या तुकड्यावर होळी झाल्यावर, पावसाच्या आत, शेण, पालापाचोळा, गवत असे थर घालायचे, वर बारीक माती पसरायची आणि सगळं हळूहळू भाजायचं. तण मरतं, किडे मरतात, आणि नंतर त्या काळ्या मातीत रोप असं दाट येतं की बघत राहावं. आमच्या घरात राब पेटवायचा मान सगळ्यांत थोरल्या माणसाचा. आधी सासऱ्यांचा होता, मग ह्यांचा. हे गेल्यावर तो माझ्याकडे आला. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी जन्मभर खडू धरला, पण काडीपेटी हातात घेऊन बांधावर उभं राहिलं की मला खरी मोठी झाल्यासारखं वाटायचं.

तर ते २००४ साल. मुलगा यॉर्कशायरमधल्या एका खेड्यात घर घेऊन राहत होता. माझं परतीचं तिकीट एप्रिलच्या शेवटाचं होतं, पण त्याने माझ्या कायमच्या राहण्याचे कागदही भरून ठेवले होते. फक्त माझी सही बाकी होती. ते कागद फ्रिजवर चुंबकाने लावलेले. दूध काढायला गेलं की समोर तेच.

सही करावीशी वाटत नव्हती. घर उबदार होतं, सून प्रेमळ, पण दिवसभर करायचं काय? खिडकीतून मेंढ्या मोजून मोजून मी कंटाळले. शेवटी मुलाला स्पष्ट सांगितलं, "मातीत हात घालायला मिळाला तर राहीन. नाहीतर एप्रिलात चालले." त्याने धावपळ करून मला गावच्या सामाईक बागेत एक पट्टी मिळवून दिली. तिथे याला अलॉटमेंट म्हणतात. गावातल्या ज्याला हवी त्याला भाजीपाला लावायला जमीन, आणि कारभार बघायला एक कमिटी. माझ्या पट्टीवर गुडघाभर तण होतं. शेजारची पट्टी मार्गरेटची. माझ्याच वयाची, उंच, आणि कायम कशावर तरी चिडलेली. मला ती लगेच आवडली, कारण मीही तशीच आहे.

मार्च संपत आला. आमच्याकडे तेव्हा पळस पेटलेला असतो, मोहाच्या फुलांचा वास सुटतो आणि उन्हाने टाळू तापते. इथे पिवळी डॅफोडिल्स डोलत होती, ऊन होतं पण शोभेचं, आणि मी दोन स्वेटरांवर कोट चढवून बागेत उभी. पण मातीला वास आला होता. तो वास आला आणि माझे हात आपोआप कामाला लागले.

मागच्या तबेल्यातून घोड्याची लीद मिळाली. शेण नाही तर लीद. पानगळीचा कुजका पाला एका कोपऱ्यात पडलेलाच होता. कुंपणाच्या वाळलेल्या फांद्या, थोडा पेंढा, वर चाळलेली माती. चार दिवस राबून थर घातले. कुणाला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. राब भाजायला का कुणी परवानगी मागतं? आमच्या गावात त्या दिवसांत ज्याच्या शेतातून धूर निघत नाही, त्याच्याकडे लोक काय झालं म्हणून चौकशीला जातात. लहानपणी वडील लांबून ओरडायचे, "वाऱ्याच्या उलट्या अंगानं लाव पोरी, हलू हलू भाजू दे!" तसंच केलं. वारा बघितला, उलट्या बाजूने काडी लावली, हात जोडले.

काय सुरेख धूर झाला! पांढरा, जाड, ओल्या पाल्याचा. तो बागेवरून निघाला, कुंपणापलीकडे मार्गरेटच्या परसात वाळत घातलेल्या चार चादरींमधून आरपार गेला आणि चर्चच्या मनोऱ्याला जाऊन टेकला. मी समाधानाने बघत होते. तेवढ्यात लाल बंब भोंगा वाजवत आला.

त्यातून उतरलेल्या माणसांना मी पाणी मारू देईना. "अजून भाजलं नाही!" मी हात आडवे धरून ओरडत होते, तेही मराठीत. ते बिचारे मार्गरेटकडे बघायला लागले, तर ती चादरींचा वास घेत लालबुंद झाली होती. मुलगा ऑफिसातून धावत आला. त्याने आधी माफी मागितली आणि मग बांधाला टेकून इतका हसला की बंबवालेही हसले, आणि राब भाजून होईपर्यंत पाणी न मारता उभे राहिले. मार्गरेट मात्र हसली नाही. तिने लेखी तक्रार केली.

कमिटीसमोर मी उभी राहिले तेव्हा पहिलीच्या वर्गातल्या पोरासारखी माझी मान खाली होती. बागेत जाळपोळीला मनाई होती, फाटकावर पाटीही होती. चूक माझीच. त्यांनी सांगितलं की पट्टी ठेवायची की काढून घ्यायची ते पुढच्या बैठकीत ठरवू. ती बैठक माझ्या विमानाच्या दोन दिवस आधी होती. घरी येऊन मी बॅग माळ्यावरून काढायला लावली. मुलाने फ्रिजवरचे कागद काढून खणात ठेवले, आणि ते बघून मला फार वाईट वाटलं.

पण राब भाजला होता, तो काय वाया घालवायचा? मी सुमनची मेथी आणि मुळा पेरला, आणि दुकानातून आणलेलं लीकचं बी. लीक म्हणजे पातीच्या कांद्याचा धिप्पाड भाऊ. इथल्या लोकांचा त्याच्यावर फार जीव.

तीन आठवड्यांत मेथी गालिच्यासारखी उठली. लीकची रोपं सुईएवढी, पण एकाला एक लागून. तणाची एक काडी नाही. शेजारी मार्गरेट गुडघ्यावर बसून सकाळपासून तण उपटत होती आणि तिच्या लीकच्या ओळींत अर्धी जागा रिकामी. ती बराच वेळ माझ्याकडे न बघता बघत होती. शेवटी उठून आली, वाकली, काळी माती चिमटीत घेऊन चोळली आणि विचारलं, "तण कुठे गेलं?"

मी म्हटलं, "तुमच्या चादरीत."

ती पहिल्यांदा हसली. मग आम्ही तास दीड तास तिथेच बसलो. लीक आधी एका जागी पेरतात, रोप बोटाएवढं झालं की उपटून दुसरीकडे ओळीने लावतात, हे तिने मला सांगितलं. मी उडालेच. ही तर आमची भाताची आवणी!

बैठकीत तीच उभी राहिली. म्हणाली, "हिने धूर केला याबद्दल माझी तक्रार नाही. मला आधी सांगितलं नाही याबद्दल आहे. वर्षातून एक दिवस ठरवा, म्हणजे मी कपडे आत घेईन." कमिटीने पट्टी माझ्याकडे ठेवली, आणि पुढच्या वर्षापासून धुराचा एक दिवसही दिला.

घरी येऊन मी खणातले कागद काढले, सही केली आणि गावी फोन लावला.

"सुमन, मी येत नाही गं आता. राब तू पेटव."

"मी? माजा हात कदी लागला नाय, ताय."

"आता थोरली तूच ना तिथे? वारा बघ. उलट्या अंगाने लाव."

"बरं," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मग मीही रडले. मान दिला की हातातून काहीतरी जातंच, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या मार्चमध्ये मार्गरेट आदल्या दिवशी दारोदार जाऊन चादरी आत घ्या म्हणून सांगून आली. सकाळी आठ-दहा जण कोट घालून माझ्या बांधावर जमले. एकाने तर बंबवाल्यांनाही कळवून ठेवलं होतं. मी वारा बघितला, काडी लावली. धूर उठायला आणि कोटाच्या खिशातला मोबाइल वाजायला एकच गाठ पडली. फोनच्या पलीकडे कुणीतरी खोकत होतं, कोंबडा आरवत होता. सुमनच होती.

"ताय, आमचा पेटला गो. तुमचा?"