मॉनिटर नसलेलं टेबल

माझ्या टेबलावर मॉनिटर नव्हता आणि मला तो नकोही होता. मला दिसत नाही. लहानपणी ताप आला आणि डोळे गेले, एवढंच. त्याची कहाणी रंगवून सांगायचा मला कंटाळा आहे, कारण लोकांना नेमकी तेवढीच ऐकायची असते. मला सांगायचं आहे ते एका इंजिनिअरबद्दल. त्याच्यावरचा माझा राग इतकी वर्षं झाली तरी गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

अमरावतीत विजेच्या तक्रारी घेणारं एक फोन केंद्र होतं. एका कंत्राटदाराने चालवायला घेतलेलं, त्याची मुख्य कचेरी अकोल्याला. मी तिथे फोन घ्यायला होतो. त्या वर्षांत वऱ्हाडात काय यायचं बाकी होतं? मंत्री यायचे, दिल्लीची पथकं यायची, टीव्हीवाल्यांच्या गाड्या गावोगाव धूळ उडवत फिरायच्या. येत नव्हती ती फक्त लाइन. भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवर लागायचं आणि ते कोणी पाळत असेल तर ती भिंतच. म्हणून लोक आम्हाला फोन करून विचारायचे, आमच्या फीडरची, म्हणजे उपकेंद्रातून आमच्या गावाकडे येणाऱ्या वाहिनीची, लाइन आत्ता खरोखर बंद आहे का आणि किती वाजेपर्यंत बंद राहील.

हा प्रश्न साधा नव्हता, हे केंद्रातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रोहित्राची पेटी असते, तिला सगळे डीपी म्हणतात. तिच्यातला फ्यूज उडाला की लाइनमनची वाट पाहणं हा वेळेचा अपव्यय होता, कारण तो यायचाच नाही. शेतकरी स्वतःच तार घेऊन जायचा आणि भारनियमन सुरू झालं की पेटीत हात घालायचा. पण फ्यूज उडालेला असल्यामुळे त्याच्या घरचा दिवा लाइन असो वा नसो, बंदच. लाइन गेली की नाही हे त्याला कळणार कसं? तर आमच्याकडून. आम्ही पेटीला हात लावा असं कधी म्हणत नव्हतो. फक्त म्हणायचो, बंद आहे, चारपर्यंत. पुढचं दोघांनाही कळायचं.

माझा दादाही असाच फोन करायचा. वरूडकडे आमची संत्र्याची बाग आहे, तो ती बघतो. केंद्राच्या नंबरवर फोन करून तो मलाच मागायचा. दुसऱ्या कोणी 'बंद आहे' म्हटलं तर त्याचं समाधान होत नसे. आईने एकदा त्याला विचारलं, त्या आंधळ्याले काय दिसते रे, तर तो म्हणाला होता, "माया भावाच्या कानाले जे समजते ते बाकीच्यायच्या डोयाले नाई दिसत." आईने हे मला हसत हसत सांगितलं. मी आयुष्यात जी काही दोनचार प्रमाणपत्रं मिळवली, ती या वाक्यापुढे मला कचरा वाटतात.

काम कसं चालायचं ते सांगतो. कॉम्प्युटरमध्ये स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम असतो, पडद्यावर जे लिहिलेलं आहे ते तो बोलून दाखवतो. उजव्या कानात फोन, डाव्या कानात कॉम्प्युटर. पण कंत्राटदाराचं सॉफ्टवेअर कोणा डोळस मठ्ठाने बनवलेलं होतं. त्यातल्या बटणांना नावंच नव्हती. रीडर बिचारा म्हणायचा, बटण, बटण, बटण. मग मी स्वतः रीडरसाठी स्क्रिप्ट लिहिल्या, म्हणजे त्याने कुठे काय वाचायचं याच्या सूचना. जेवणाच्या सुट्टीत, फोन थंड असले की, रविवारी. फीडरच्या यादीत बाणाच्या कळीने आपल्या ओळीवर जाऊन गावाचं नाव दाबलं की त्या ओळीतलं सगळं एका दमात कानात यायचं. आणि एक गोष्ट मी त्याला निक्षून शिकवली होती. ओळ कुठली याची शंका आली तर काही वाचू नकोस, टुंग असा आवाज कर आणि गप्प बस.

माझा मॉनिटर शेजारच्या टेबलावर फोन घेणाऱ्या चाचांकडे गेला होता. चाचा म्हणजे बांगड्यांच्या व्यापाऱ्याच्या घरातले, चष्मेवाले, तोंडाने फटकळ, निवृत्तीला आलेले. त्यांचा मॉनिटर जळला तेव्हा ते मला म्हणाले, बेटा, तुझ्या टेबलावर ह्यो डब्बा कायले ठिवला, शोभेले? मी म्हटलं, घेऊन जा. इन्व्हर्टरवरचा भारही तेवढाच कमी झाला. माझ्या टेबलावर फक्त कीबोर्ड आणि दोन वायरी उरल्या. मला ते टेबल फार आवडायचं.

मग अकोल्याहून फर्मान आलं. जुना स्क्रीन रीडर विकतचा होता, त्याच्या नव्या आवृत्तीचे पैसे भरायचे नाहीत, आता फुकटचा रीडर वापरायचा. फुकटचा वाईट नव्हता हे आत्ताच सांगून टाकतो, आज मी तोच वापरतो. पण एका रीडरच्या स्क्रिप्ट दुसऱ्याला कळत नाहीत. त्यांची भाषाच वेगळी. मी केंद्र सांभाळणाऱ्या आमच्या मॅडमना म्हटलं, मी नवी भाषा शिकतो, दोन महिने द्या, सगळं हलवून देतो. मॅडम म्हणाल्या, तुमचं काम फोन घ्यायचं आहे, या कामाचं कंत्राट दिलेलं आहे.

कंत्राट म्हणजे तो इंजिनिअर. आला तो अत्तराच्या घमघमाटात. पहिल्या दिवशी त्याने माझ्या जुन्या स्क्रिप्टचं फोल्डर उचलून नव्या रीडरच्या फोल्डरमध्ये टाकलं आणि जाहीर केलं की झालं. रीडर अर्थातच मुका बसला. मग तो लॅपटॉप घेऊन चाचांच्या शेजारी बसला आणि पडद्याकडे बघून बघून सगळं नव्याने लिहू लागला. मला त्याने एकही प्रश्न विचारला नाही. चहा आला तेव्हा त्याने चाचांना विचारलं, यांना साखर चालते का? चाचा म्हणाले, त्यालेच विचार ना, तो मुका नाई. तरीही त्याने विचारलं नाही. चहा गोडमिट्ट आला आणि मी तो त्याच्यासमोर तसाच ठेवून दिला.

मी मात्र त्याला एक प्रश्न विचारला. शंका आली तर तुमची स्क्रिप्ट काय करते? तो म्हणाला, "शंका कसली? स्क्रीनवर आहे ते वाचणार." माझा तो टुंग आवाज त्याने अनावश्यक म्हणून काढून टाकला होता. मॅडम खूश झाल्या, कारण त्याच्या लॅपटॉपवर रीडर आता कुठेच अडत नव्हता आणि फोन लवकर संपणार होते.

शेवटच्या दिवशी त्याने चाचांचा मॉनिटर उचलून माझ्या टेबलावर आणला, तपासणीसाठी. सगळं बिनचूक वाचलं गेलं, मीही कबूल केलं. त्याने मॉनिटर परत चाचांना दिला आणि अकोल्याची बस पकडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. लाइन गेली का रे बाबू? मी गावाचं नाव दाबलं. रीडर स्वच्छ, ठाम आवाजात म्हणाला, बंद, बारापर्यंत. मी दादाला तेच सांगितलं.

नंतरचा फोन वहिनीचा होता. ती रडत नव्हती, ती मला विचारत होती. "तुमी बंद सांगतली ना? मंग लाइन कावून होती?" दादा पेटीपासून लांब फेकला गेला होता. उजवा तळहात आणि मनगट भाजलं होतं. श्वास चालू होता. त्याला वरूडला नेत होते, नंतर अमरावतीला आणणार होते. मी चाचांना म्हटलं, आमच्या गावाची ओळ वाचा. चाचांनी वाचली. चालू. आमच्या ओळीच्या खालची ओळ बंद, बारापर्यंत. नव्या स्क्रिप्टने नाव आमचं घेतलं होतं आणि स्थिती शेजारच्या फीडरची वाचली होती. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा दादा म्हणाला, मशीनचं काय घेऊन बसला, जाऊ दे. मी जाऊ दिलं नाही.

मॅडमनी इंजिनिअरला बोलावलं. त्याने मॉनिटर आणून लावला, गावाचं नाव दाबलं, बरोबर वाचलं गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा बरोबर. मग तो मॅडमना म्हणाला, मला नाही, "यांचं बोट खालच्या ओळीवर सरकलं असेल." मॅडमनी हे मान्य केलं. आंधळ्याचं बोट सरकतं, यात त्यांना न पटण्यासारखं काही नव्हतं. त्या क्षणी त्या दोघांचाही मला तिरस्कार वाटला.

तो गेला आणि पुन्हा चुका सुरू झाल्या. मी रीडरवर विश्वास ठेवणं सोडलं. प्रत्येक फोनला मी चाचांना ओळ वाचायला सांगायचो आणि मग उत्तर द्यायचो. फोन लांबू लागले. तिवश्याची एक भाजीवाली बाई मला म्हणाली, तुमी काय सांगाले लोकाले इचारून राहिले, तुमाले येत नाई का? मॅडमनी निरोप पाठवला की नवीन यंत्रणा जमत नसेल तर पुढच्या महिन्यापासून दाराजवळच्या खुर्चीवर बसा, येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करा. मी जुन्याला चिकटून बसलोय आणि मुद्दाम अडवून राहिलोय, असं केंद्रात बोललं जाऊ लागलं. बोलणारे माझ्यासमोरच बोलायचे. दिसत नाही म्हणजे ऐकूही येत नाही, अशी त्यांची समजूत असावी.

इंजिनिअर पुन्हा आला, पुन्हा मॉनिटर लावला, पुन्हा सगळं ठीक. या वेळी चाचा वैतागले. म्हणाले, माझा डब्बा दे, माझे फोन खोळंबून राहिले. आणि त्यांनी स्वतःच माझ्या टेबलामागची मॉनिटरची वायर उपटली. मी तेव्हा आमच्याच ओळीवर होतो. मी रीडरला पुन्हा वाचायला लावलं आणि डाव्या कानातलं 'चालू' बदलून 'बंद' झालं. बोट तिथेच होतं, तसूभरही हललं नव्हतं.

मी हात पुढे करून इंजिनिअरचं मनगट धरलं. घट्ट धरलं, त्याला दुखलं असेल तर बरंच झालं. चाचांना म्हटलं, वायर लावा. चालू. काढा. बंद. लावा. चालू. चाचा वायर लावत आणि काढत होते आणि रीडर दर वेळी वेगळं बोलत होता. मी स्पीकर चालू केला, मॅडमना बोलावलं आणि त्यांनाही ऐकवलं. उघड होतं. या पठ्ठ्याने ओळी त्यांच्या नावाने शोधल्याच नव्हत्या, पडद्यावर त्या किती खाली आहेत ते मोजून स्क्रिप्टमध्ये घातलं होतं. मॉनिटर नसला की कॉम्प्युटर पडदा लहान धरतो, ओळी सरकतात आणि माप चुकतं. माझ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये असं एकही माप नव्हतं, पण त्या त्याने वाचल्याच कुठे होत्या?

त्याने स्वतः एकदा वायर काढून पाहिली. मग खऱ्या आश्चर्याने म्हणाला, "पण मॉनिटरशिवाय काम कोण करतं?"

"मी," मी म्हटलं.

माफी कोणी मागितली नाही. मॅडमचा तोडगा असा की माझ्या टेबलावर एक मॉनिटर कायमचा ठेवायचा, चालू. म्हणजे आंधळ्याच्या टेबलावर दिवसभर उजेड आणि लाइन गेली की त्याच उजेडापायी इन्व्हर्टर आधी बसणार. मी नाही म्हटलं, मोठ्याने म्हटलं. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी नव्या रीडरची भाषा शिकलो आणि माझ्या स्क्रिप्ट एकेक करून हलवल्या. ओळ तिच्या नावाने, रकाना त्याच्या नावाने. शंका आली तर टुंग आणि गप्प. मॅडमनी अकोल्याला कळवलं की इंजिनिअरने त्रुटी दूर केली आहे. कळवू देत. दाराजवळच्या खुर्चीवर मात्र मी बसलो नाही.

दादाचा हात बरा झाला, म्हणजे बरा झाला असं म्हणायचं. दोन बोटं वळत नाहीत. त्याने मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. मशीननं घात केला, असंच तो गावात सांगायचा. हंगामात त्याने केंद्रातल्या सगळ्यांना संत्री आणून दिली, मॅडमनाही.

मग एका दुपारी त्याचा फोन आला, अपघातानंतर पहिल्यांदाच. पुन्हा फ्यूज उडाला होता. लाइन गेली का रे बाबू? मी गावाचं नाव दाबलं. माझी स्क्रिप्ट, माझी ओळ, टुंग नाही. बंद, पाचपर्यंत. मी सांगितलं.

 पलीकडून बागेतला वारा ऐकू आला. मग तो हळूच, माझं मन दुखणार नाही अशा बेताने म्हणाला, "तुया बाजूचे ते चाचा हायेत का? त्यायले दे ना जरासा."

मी फोन चाचांकडे जोडून दिला, पण कानातून काढला नाही. चाचांची खुर्ची पडद्याकडे सरकल्याचा आवाज आला आणि ते म्हणाले, बंद हाय बेटा, पाचपर्यंत. दादा म्हणाला, हाव, मंग घालतो हात, आणि फोन ठेवला.

त्यानंतर दादाचा आवाज ऐकू आला की मी काही न विचारता फोन चाचांकडे जोडून देत असे.