नक्शा वाचून दाखव

सुमित्राताई बिरादारांच्या समोर कागद ठेवला की त्या आधी डोळ्यांवरचा चष्मा काढायच्या. जाड काचांचा चष्मा होता तो, तो काढला की हातभर अंतरावरचं अक्षरही त्यांना लागत नसे. मग कागद आपल्याकडे फिरवून म्हणायच्या, "आता मला काई दिसंना. काय दिसायलंय, तूच सांग." आपण आपलाच कागद मोठ्यानं वाचायला लागायचो आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्याला अडखळायचो. ताई शांतपणे चष्मा घालायच्या. अडखळलेल्या जागी पेन्सिलीची बारीक फुली मारायच्या.

लातूरच्या ज्या गल्लीत आमचं ऑफिस होतं तिथं पहाटेपासून सायकलींची रांग लागे. भूकंपाला दहा-बारा वर्षं झाली होती आणि गावात क्लासेसना भरती आली होती. खाली झेरॉक्सचं दुकान, वर दोन खोल्यांत आम्ही. क्लासेससाठी प्रवेश, बॅचेस, चाचण्यांचे गुण असं सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही तयार करत होतो. मी मूळचा अर्धापूरचा, पण पुण्यात तीन वर्षं नोकरी करून आलेला. येताना यूएमएल शिकून आलो होतो. म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याआधी त्याचा आराखडा काढायची जगभर ठरलेली चिन्हं. एकदा सगळे ही चिन्हं शिकले की तोंडाची वाफ दवडायची गरज नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

सुमित्राताई पन्नाशीच्या घरात होत्या. निलंग्याच्या. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन झालेल्या, म्हणजे इमारतींचे नकाशे काढणाऱ्या. भूकंपानंतर नवी गावं वसवायचं काम चाललं तेव्हा त्यांनी शेकडो घरांचे नकाशे काढले होते. ते काम संपल्यावर आमच्या मालकांनी त्यांना कागदपत्रं आणि तपासणी बघायला घेतलं. कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम त्यांना लिहिता येत नव्हता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी डायग्राम बघून विचारलं, "ही खूण कुनी ठरवली?"

"सगळ्या जगानं, ताई. स्टँडर्ड आहे."

"चांगलं हाय. आमच्यात बी हुतं. पन जगानं ठरवली म्हनून अश्विनीला कळली, असं कसं?"

मला राग आला. अश्विनी आमची हदगावची प्रोग्रॅमर, हुशार मुलगी. ती रोज माझ्या डायग्राम बघून मान डोलवत होती. ताई म्हणाल्या, "मान डोलवली म्हंजे कळलं न्हाई, माधव. मान तर लोक मोठ्या मानसाला बघून डोलवतेत."

त्या वर्षी एका मोठ्या क्लासनं आमचं सॉफ्टवेअर घेतलं. मी त्याचा आराखडा काढला. बॅचची एक चौकट, विद्यार्थ्याची एक चौकट, मधे रेघ, आणि रेघेच्या टोकाला बॅचच्या बाजूनं एक शंकरपाळीसारखी खूण. ही खूण पोकळ असते किंवा भरीव. मी घाईत भरीव काढली. उदगीरच्या इरफाननं बॅचचा भाग लिहिला, अश्विनीनं गुणांचा. काम वेळेत झालं, क्लासमध्ये बसलं, वर्षभर चाललं. मी खूश होतो.

अकरावीचं वर्ष संपलं. जुन्या बॅचेस बंद करून मुलांना बारावीत न्यायचं काम क्लासमध्ये शनिवारी व्हायचं होतं. त्या शनिवारी सकाळी ताईंनी माझा तोच आराखडा बाहेर काढला, अश्विनीसमोर ठेवला, आणि चष्मा काढला.

अश्विनी म्हणाली, "बॅचमध्ये मुलं असतात. बॅच बंद झाली की मुलं दुसऱ्या बॅचला जातात."

ताईंनी इरफानला बोलावलं. तोच कागद, तोच प्रश्न.

इरफान म्हणाला, "बॅचमध्ये मुलं असतात. बॅच गेली की तिच्यातली मुलंही जातात."

"कुठं जातेत?"

"म्हणजे... पुसली जातात. भरीव खुणेचा अर्थच तो आहे, ताई. मी पुस्तकात बघून लिहिलंय."

मी कागद ओढून ती खूण पुन्हा बघितली. इरफानचं काही चुकलं नव्हतं. त्यानं माझं चित्र जसंच्या तसं वाचलं होतं. पोकळ हवी तिथं भरीव खूण मी काढली होती, आणि अश्विनीनं ती खूण नुसती नक्षी समजून सोडून दिली होती. महिन्याला एकदा आम्ही सगळ्याची प्रत सीडीवर काढून ठेवत असू, पण शेवटची प्रत वार्षिक चाचणीच्या आधीची होती. त्याच चाचणीच्या गुणांवर बारावीच्या पहिल्या, म्हणजे हुशार मुलांच्या बॅचला कोण बसणार ते ठरायचं होतं. किनवटकडून, देगलूरकडून आलेली, खोली घेऊन राहिलेली पोरं वर्षभर त्यासाठी झिजली होती.

क्लासला फोन लावला. लागेना. मी ताईंना स्कूटरवर मागं बसवलं आणि निघालो. वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या, "हळू चालव, पडलो तर कुनी सांगायचं त्यांना?"

क्लासचे कारकून स्वामीमामा कॉम्प्युटरसमोर हात बांधून बसले होते. मी धापा टाकत विचारलं, "मामा, बॅच बंद केली?"

"सकाळपासून तेच करायलो की! पन तुमचं मशीन उलटं मलाच इचारायलंय, सगळं काढून टाकू का म्हनून. म्या म्हनलं, सगळं म्हंजे काय काय? बॅचचं नाव का पोरं बी? तुमाला फोन लावला तर लागंना. मग बसलो हात बांधून. कुनी सांगिटल्याबिगर म्या हो म्हननार न्हाई."

इरफाननं पुसण्याआधी तो प्रश्न पडद्यावर ठेवला होता आणि मामांना तो कळला नव्हता, म्हणून मुलांचे गुण शाबूत राहिले होते. मी तिथल्याच बाकावर मटकन बसलो. हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. ताईंनी मामांचे दोन्ही हात हातात घेतले. "मामा, तुमी ईचारलंत, लई उपकार झाले."

मामा संकोचले. "त्यात काय ताई, कळंना म्हनून ईचारलं."

दुपारी ऑफिसात इरफाननं ती चूक दुरुस्त केली. मी जाहीर केलं की उद्यापासून डायग्राम बंद. ताई एकदम उसळल्या. "नक्शा बंद करून काय करनार? तोंडानं सांगशील? काल काय बोललास ते आज तुझं तुलाच आठवत न्हाई. अरे, कागदावर खूण हुती म्हनून तर गलती सापडली! दोघांनी दोन अर्थ लावले हे तरी कळलं. नक्शा पायजेच. नुसता भिंतीला लावून निघून जायचं न्हाई, येवढंच."

मग चहा घेताना त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. औसा तालुक्यातल्या एका गावाची नवी वसाहत त्यांनी आखली होती. नकाशा मंडपात टांगला, लोकांनी रांगेनं अंगठे दिले. त्यात गंगाबाई नावाची एक बाई होती. घरातली सगळी माणसं गेलेली, ती आणि तिची जाऊ दोघीच उरलेल्या. दोघींना शेजारची घरं मिळाली. ताबा द्यायच्या दिवशी गंगाबाई घरात फिरली आणि म्हणाली, "जाऊचं दार कुठं हाय?" नकाशाप्रमाणे दोघींची दारं दोन वेगळ्या रस्त्यांवर होती, मधे नुसती भिंत. "त्या बाईनं भिंतीवर हात ठिवला," ताई म्हणाल्या, "आन् तसाच ठिवला, लई येळ. माझा नक्शा बरोबर हुता, माधव. एक रेघ चुकली नव्हती. पन त्यात तिला भिंत दिसली न्हाई, आन् म्या दाखवली न्हाई. परत त्या गावाला जायचं माझं धाडस झालं न्हाई."

त्यानंतर ऑफिसात रीतच पडली. काढणाऱ्यानं गप्प बसायचं, दुसऱ्यानं वाचायचं, आणि प्रत्येक रेघेखाली मराठीत एक वाक्य लिहायचं. काम थोडं हळू झालं. भांडणं मात्र निम्म्यानं कमी झाली, आणि यूएमएल आम्ही सोडलं नाही.

दोन वर्षांनी ताईंनी नोकरी सोडली. लेक नांदेडला शिक्षिका होती, तिच्याकडे राहायला निघाल्या होत्या. जायच्या आधीच्या रविवारी मी म्हटलं, "चला, तुम्हाला त्या गावाला घेऊन जातो." त्या नको नको म्हणाल्या आणि स्कूटरवर बसल्या.

गंगाबाईंनी त्यांना लगेच ओळखलं. "नक्शावाली बाई की गं तू!" म्हणत हाताला धरून आत नेलं. आत गेल्यावर ताई थबकल्या. मागच्या भिंतीत चक्क एक दार होतं, उघडं, आणि पलीकडच्या चुलीशी जाऊ भाकरी थापत होती.

"हे कधी केलंत?"

"ऱ्हायला आलाव त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. गवंड्याला म्हनलं, फोड."

ताई दारात गेल्या आणि चवड्यांवर उभं राहून वरच्या बाजूनं हात फिरवला. "वर भिंत पेलायला लिंटेल टाकलंय का? न्हाई तर भिंत बसंल."

"टाकलंय बाई, समदं टाकलंय. तू आधी बस."

ताई बसल्या. कितीतरी वेळ त्या दाराकडे बघत हसत होत्या. एवढ्या वर्षांचं ओझं त्यांच्या खांद्यावरून उतरताना मी समोर बघत होतो. चहा होईपर्यंत त्यांनी माझ्या वहीचा कागद घेतला आणि त्या दोन घरांचा नकाशा काढला, या वेळी नव्या दारासकट. दाराची ठरलेली खूण, एक रेघ आणि पाव वर्तुळ. कागद गंगाबाईंपुढे सरकवला.

"हे काय हाय?" गंगाबाईंनी पाव वर्तुळावर बोट ठेवलं.

"दार. असं फिरतं, ह्या अंगाला उघडतं."

गंगाबाईंनी कागद निरखला, दार निरखलं. मग मान हलवली.

"न्हाई. ते तिच्या अंगाला उघडतं."

सुमित्राताईंनी उठून दार ओढून बघितलं. गंगाबाई बरोबर होत्या. मग त्या खाली बसल्या, ते पाव वर्तुळ खोडलं, आणि गंगाबाई सांगतील तसं पुन्हा काढलं.