गच्चीवर टांगलेले दोन फिल्टर

पडदे पिळून अर्धेच दोरीवर टाकले होते, तेवढ्यात पुढच्या खोलीत काहीतरी दाणकन आपटलं. ओल्या हातांनी तशीच धावले. भाऊजी, म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ, काउंटरला पाठ लावून उभे होते. ओठातून रक्त येत होतं. समोर बसचा ड्रायव्हर आणि त्याचा मेहुणा.

पुढची खोली हेच भाऊजींचं दुकान. डोंगरावर जाणाऱ्यांना लागतं ते सगळं इथे भाड्याने मिळतं. पिशवीत मावणारे तंबू, स्लीपिंग बॅगा, तळहाताएवढ्या गॅसच्या शेगड्या, एकात एक बसणारी पातेली, कपाळावर बांधायच्या बॅटऱ्या. आणि पाण्याचे फिल्टर. मनगटाएवढं नळकांडं, ओढ्याचं पाणी एका टोकाने आत सोडायचं आणि दुसऱ्याने प्यायचं.

गल्लीत भाऊजींना घण म्हणतात. ह्याने हात मिळवला तरी एक्स-रे काढावा लागतो, असं कोपऱ्यावरचा चहावाला सांगत असतो. तंबूच्या कारखान्यात असताना त्यांनी मुकादमाचा जबडा फोडला होता, त्यापायी तुरुंग झाला. सुटून आले तेव्हा ह्यांनी ही खोली दिली आणि मी अट घातली, या छपराखाली हात उचलायचा नाही. देवासमोर उभं राहून ते हो म्हणाले, आणि आजवर पाळलं. राग आला की तंबूच्या काठ्या घासत बसायचे. आमच्या काठ्या आरशासारख्या चकाकतात त्या उगाच नाही.

"माझी पोर सलाइनवर आहे," ड्रायव्हर ओरडला. "डोंगरावरून आली ती रक्ताची हगवण घेऊनच. तुझ्या ह्या नळकांड्यातलं पाणी प्यायली!" त्याने फिल्टर काउंटरवर आपटला.

"फिल्टरला काही झालेलं नाही," भाऊजी म्हणाले. "पोरीने ओढ्याचं पाणी तसंच प्यायलं असेल. हे बघा, चांगला फिल्टर ओला असला की त्यातून हवा जात नाही."

त्यांनी तो बादलीत भिजवला, एक टोक पाण्यात ठेवून दुसऱ्यातून फुंकलं. पाण्यात बुडबुडे आले. त्यांनी पुन्हा फुंकलं. पुन्हा आले.

"हे बुडबुडे कसले रे?" मेहुणा म्हणाला.

आम्हां कुणालाच त्यातलं कळत नव्हतं. फिल्टर अजून नीट भिजला नाही, अशी थाप मारली असती तरी चाललं असतं. पण भाऊजींचा चेहरा पांढरा पडला.

"फुटलाय. धुऊन मीच गच्चीवर वाळत टांगला, आणि त्या रात्री बादलीतलं पाणी गोठलं होतं. आत बर्फ झाला की बारीक नळ्या चिरतात, बाहेरून दिसत नाही. मला माहीत होतं. तरी न तपासता दिला. चूक माझीच."

मेहुण्याने तंबूचे खुंटे ठोकायची हातोडी उचलली आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला. ड्रायव्हरने पोटात लाथ घातली. शेगड्यांची फळी खाली आली. मी मध्ये पडले तर मला ढकललं, कोपर चौकटीवर सडकून आपटलं. दुसरा घाव भुवईवर बसला आणि पांढऱ्या तंबूच्या कापडावर रक्ताची धार उडाली.

"घण म्हणतात ना तुला? मग उचल की हात! का बायकांपुढेच मर्द?"

भाऊजी गुडघ्यांवर बसले होते. उजव्या हाताने त्यांनी स्वतःच्याच कमरेचा पट्टा असा आवळून धरला होता की बोटं काळीनिळी पडली. देवा, मी मनातल्या मनात तुला नुसती हाक मारत होते. पुढे काय मागावं तेही सुचत नव्हतं.

अचानक त्यांनी डोकं वर केलं. "वहिनी, दोन होते."

"काय दोन?"

"टांगलेले फिल्टर. दुसरा काल शाळेच्या बाईंना दिला. त्या धरून पाचजणी डोंगरावर वरच्या तळावर आहेत."

मी बाईंना फोन लावला. तळावर फोन पोचतच नाही. भाऊजी उठून दाराकडे निघाले. मेहुण्याने कडी लावली.

"पोलिसांना बोलावतो, ते येईपर्यंत जागचं हलायचं नाही."

"बाजूला हो. त्या बायका तेच पाणी पितायत."

"वा! पळायला निमित्त बरं सुचतंय!" त्याने पुन्हा हातोडी उगारली.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. अट माझी होती. मी मान डोलावून हो म्हटलं.

एकच ठोसा. मेहुणा दारातल्या तंबूंच्या ढिगात कोसळला, तोंडातून दात आणि रक्त एकदमच बाहेर आलं. मला त्याची कीव आली नाही, हे लिहून ठेवते. देवाला तसंही कळलेलंच आहे.

ड्रायव्हर मूठ वळून तसाच उभा. "माझी पोर गेली तर?"

"तर या. हात मागे बांधून उभा राहीन."

ड्रायव्हर त्यांच्या छातीवर थुंकला. मग वाकून मेहुण्याच्या काखेत हात घातले आणि त्याला दारातून बाजूला ओढलं.

मी टॉवेल फाडून भाऊजींचा हात गळ्यात बांधला, भुवईवर फडकं आवळलं. सॅकमध्ये मोठं पातेलं, शेगडी, गॅसचे डबे आणि पाण्यात टाकायच्या गोळ्यांची बाटली भरली.

"पोलिसांना काय सांगू?" मी विचारलं.

"झालं ते सगळं. माझी चूकही, आणि ठोसाही."

सॅक एकाच खांद्यावर अडकवून ते निघाले आहेत, वरच्या तळावर जाऊन बाईंकडून तो फिल्टर काढून घ्यायला.