मालकाची खोली

आमच्या आत्याला गल्लीत भिंगरी म्हणतात. तोंडावर नाही, पण तिला माहीत आहे. आतोबा गेले, मुलगी लग्न होऊन लांब गेली, आणि तीन खोल्यांचं रिकामं घर आत्याला खायला उठलं. तिनं खोल्या प्रवाशांना द्यायला सुरुवात केली. एक रात्र, दोन रात्री, फार तर आठवडा. तेव्हापासून ती खुर्चीला पाठ टेकून बसलेली मी पाहिलेली नाही. चहासुद्धा चालता चालता पिते.

मग नगरपालिकेनं नियम काढला. पाहुणे ठेवायचे तर परवाना हवा, दर पाहुण्यामागे कर भरायला हवा, आणि मालक त्याच घरात राहणारा हवा. शुक्रवारपर्यंत परवान्याचा नंबर दिला नाही, तर ज्या साइटवरून तिला पाहुणे मिळतात तिच्यावरून घर गायब. आत्यानं आठ दिवस सगळ्यांना सळो की पळो केलं. धुराची घंटा बसवली आणि ती वाजते का बघायला तिच्याखाली तीनदा कागद जाळला. कर भरायला इतक्या लवकर गेली, की कारकून म्हणाला, "काकू, आधी मला कुलूप तर उघडू द्या."

गुरुवारी सकाळी निरीक्षक आला. पोरगेलासा, चष्मा सारखा नाकावर घसरणारा. घंटा, पाहुण्यांची वही, कराची पावती, फॉर्मवर सगळ्यांपुढे त्यानं खुणा केल्या. शेवटचा रकाना उरला: मालकाची खोली.

"ही काय," म्हणत आत्यानं पुढच्या खोलीचं दार ढकललं. आत एक गृहस्थ बनियनवर दाढी करत होते.

"चालू द्या, चालू द्या!" तिनं दार ओढून घेतलं. "ही नव्हे, मधली."

मधल्या खोलीतून घोरणं ऐकू येत होतं. मागच्या खोलीबाहेर दोन जोडी बूट होते.

"काकू, तुम्ही झोपता कुठे?"

"जी खोली रिकामी असेल तिथं."

"आणि एकही नसेल तर?"

"स्वयंपाकघर काय ओस पडलंय?"

"ते धरत नाहीत. तुमची अशी खोली नसेल, तर तुम्ही इथे राहत नाही असं लिहावं लागेल मला."

"मी राहत नाही? अहो साहेब, या घरात राहते ती एकटी मीच! बाकीचे येतात नि जातात."

निरीक्षक हसला, पण पेन हललं नाही. "चार वाजता परत येतो. तोवर ठरवा."

मधली आणि मागची रविवारपर्यंत दिलेली. दुपारी रिकामी होणार होती ती फक्त पुढची. मोठ्या खिडकीची, सगळ्यात आधी भरणारी. आत्या तिच्या दारापर्यंत चार वेळा गेली आणि परत आली.

"मला कशाला मेली एवढी खिडकी? मी काय बघणारे बाहेर?"

"आत्या, एक सोड, नाहीतर तिन्ही जातील."

"तू वकील लागून गेलास!" असं म्हणत तिनं संध्याकाळच्या पाहुण्याला फोन लावला, पाचदा माफी मागितली आणि खोली रद्द केली. मग स्वतःचं सामान शोधायला निघाली. औषधं फ्रिजवर, चष्मा चमच्यांच्या खणात, कपडे जिन्याखालच्या ट्रंकेत. सगळं मिळून कपाटाचा अर्धा कप्पा भरला.

चार वाजता निरीक्षकानं दारावर टकटक केली. आत्या खोलीच्या मधोमध उभी होती, गाडीची वाट बघत असल्यासारखी.

"बसा की, काकू. तुमचीच खोली आहे."

ती पलंगाच्या कडेला टेकली. त्यानं खूण केली. "आम्ही न सांगता पण येतो हं. खोली वापरात दिसली पाहिजे, नाहीतर परवाना रद्द."

शुक्रवारी नंबर मिळाला, साइटवर चढला. दुपारी मी गेलो तर आत्या पलंगावर सरळ आडवी. डोळे टक्क उघडे, पायाचे अंगठे हलतायत.

"काय गं, बरं नाही का?"

"गप. अट पाळतेय."